आधी वही, मग पुस्तक

शनिवारी दुपारी धुळ्याहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत दोन दुर्बिणी, एक तिपाई, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि चार कोऱ्या वह्या होत्या. वह्या आप्पांनी आणलेल्या. शंभर पानी, एकेरी रेघ. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस पक्षी बघायला निघाला तरी वह्या विसरत नाही, म्हणून मी हसलो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "पक्ष्यांचं पुस्तक माझ्या पिशवीत राहील. कुणी मागितलं तर आधी वही दाखवायची. काय दिसलं ते लिहिलेलं असेल तर पुस्तक मिळेल."

मी तीन वर्षांपासून त्यांच्यासोबत फिरतो. सुरुवात नकाण्याच्या तलावावर झाली. तिथे मला वारकरी आणि पाणकोंबडी या दोन पाणपक्ष्यांतला फरक कळायला एक अख्खा हिवाळा गेला. आता माझ्या यादीत एकशे नव्वदच्या आसपास पक्षी आहेत, पण रानपिंगळा नाही. खानदेशात राहून रानपिंगळा न पाहिलेला पक्षीवेडा म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न पाहिलेला. हे घुबड जगात फक्त मध्य भारताच्या काही जंगलांत आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीची एकही नोंद नव्हती, नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते पुन्हा सापडलं, तेही आमच्या शहाद्याजवळ. म्हणजे घरापासून दोन-अडीच तासांवर. तरी मला योग आला नव्हता.

सारंगखेड्याच्या पुलाजवळ थांबलो. तापीत बरंच पाणी होतं. चक्रवाकांच्या चार जोड्या, पाण्यावर तरंगत्या शेंदरी गाठोड्यांसारख्या. महिन्याभरात ही मंडळी हिमालय ओलांडायला लागतील. एक कवड्या खंड्या हवेत जागच्या जागी पंख मारत पाण्याकडे बघत होता, तीनदा सूर मारला, तिन्ही वेळा रिकामा. वीस मिनिटांत निघालो, कारण शहाद्यात जिभाऊकडे भरीत होतं.

जिभाऊ माझा कॉलेजचा मित्र. पपई आणि केळी लावतो आणि पपईच्या भावाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. वहिनी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. आमच्या चौघांत सगळ्यात कमी पक्षी त्यांना ठाऊक, आणि सगळ्यात जास्त प्रश्नही त्यांचेच. कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात असं जेवण झाल्यावर आप्पांनी जमिनीवर बसून वहीत दोन घुबडं काढली. डावीकडे साधा पिंगळा, जो गावोगाव वडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या वळचणीला असतो. उजवीकडे रानपिंगळा. दोघांची उंची जवळपास सारखीच, मैनेएवढी धरा, पण रानपिंगळा अंगाने भरलेला.

"साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर," आप्पा म्हणाले. "रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साफ. छातीवर गडद पट्टा, खाली पोट पांढरं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पायांवर पांढरी पिसं, जाड, जसे पायमोजे घातलेत. चोच आणि नख्या अंगाच्या मानाने मोठ्या. आणि हा दिवसाढवळ्या शिकार करतो."

वहिनींनी विचारलं, "डोक्यावर ऊन पडलं तर ठिपके दिसतील का?"

आप्पा थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले. म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." उत्तर दिलं नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. फेब्रुवारीचा शेवट, रात्री अजून स्वेटर लागतो आणि दुपारी तोच स्वेटर डोक्यावर घ्यावासा वाटतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली, तिथेच आमचा वाटाड्या भेटला. पावरा समाजाचा, विशीतला, वनखात्याच्या कामांवर जाणारा. जागा सांगत नाही, सातपुड्याचा पायथा, तोरणमाळच्या दिशेला एवढंच पुरे. हा विणीचा काळ असतो. जागा कळली की कुणीतरी येतं, मोबाईलला स्पीकर लावून घुबडाचा आवाज वाजवतं, आणि घुबड पिल्लं सोडून त्या नसलेल्या शत्रूला हाकलत बसतं. आप्पांनी असं होताना पाहिलंय. तेव्हापासून ते जागा विचारणाऱ्याला थेट तोंडावर नाही म्हणतात, नातेवाइकालाही.

सागाची पानं गळून गेलेली. पायाखाली ती इतकी वाजतात की चार माणसं म्हणजे लग्नाची वरात. वाटाड्याने पहिल्या दहा मिनिटांतच शिकवलं: पान नसेल तिथे पाय टाकायचा, वीस पावलं चालायचं, मग दोन मिनिटं उभं राहायचं. नुसतं उभं. पहिल्या दोन मिनिटांत मला काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या खेपेला तांबट ऐकू आला, मग दुसऱ्या टेकाडावरचा पावशा, मग अगदी जवळ, डोक्याच्या वर, सुताराची टकटक. मी फोन काढला. त्यात आवाज ओळखून नाव सांगणारं अ‍ॅप आहे. आप्पांनी नुसतं बघितलं, मी फोन खिशात घातला. ते अ‍ॅप वाईट नाही, पण त्याने नाव सांगितलं की आपण पक्ष्याकडे बघणं थांबवतो, हे मला स्वतःवरून माहीत आहे.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही एका पळसाखाली होतो, आणि तिथून हलायला पाऊण तास लागला. पळसाला पानं तीनच म्हणतात, पण या दिवसांत ती तीनही नसतात, सगळं झाड नुसतं पेटलेलं. त्यावर भोरड्या. आधी वाटलं पन्नास असतील. आप्पा म्हणाले, मोजा. थवा मोजायची त्यांची पद्धत अशी: दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्या दहांचा ठोकळा डोळ्यात धरायचा, मग असे किती ठोकळे झाडावर बसतात ते बघायचं. माझे सतरा ठोकळे झाले, वहिनींचे एकवीस, जिभाऊचे बारा. जिभाऊला आप्पा म्हणाले, "तू पपईसारखं मोजतोस, व्यापाऱ्याच्या बाजूने." शेवटी वहीत एकशे साठ ते दोनशे असं लिहिलं. एकच आकडा ठोकून द्यायचा नाही, हाही आप्पांचा नियम.

भोरडीचं अंग गुलाबी, डोकं काळं, पण त्या दिवशी बहुतेकींचं कपाळ पिवळट दिसत होतं. मला वाटलं नवीनच काही जात. नीट बघितल्यावर कळलं, परागकण. मधासाठी फुलात डोकं खुपसायचं, कपाळ माखून घ्यायचं, आणि पुढच्या झाडाला गंध लावायला जायचं. ऑगस्टात येतात, हिवाळाभर आमच्या दादरीवर, म्हणजे ज्वारीवर, ताव मारतात, शेतकरी गोफण घेऊन मागे लागतो. आता एप्रिलपर्यंत मध्य आशियाच्या वाटेला लागतील. शिव्या खाऊन गेलेल्या पाहुण्यांपैकी इतकं देखणं दुसरं कोणी नसेल. त्याच झाडावर जांभळा शिंजीर होता, ऊन पडलं की निळा आणि वळला की काळा. दोन कोतवाल, बुलबुल, आणि एक हरेवा जो पानं नसलेल्या झाडावरही लपून बसतो, कसा ते देवालाच ठाऊक. टोई पोपटांची एक टोळी ओरडत आली आणि भोरड्यांनी जागा न दिल्यामुळे तशीच ओरडत गेली.

आम्ही चौघं मान वर करून उभे. बैलगाडी घेऊन एक म्हातारेबाबा आले, थांबले.

"काय दखी राह्यनात, भाऊ?"

जिभाऊने सांगितलं, रानपिंगळा शोधतोय, एक प्रकारचं घुबड.

बाबांनी चौघांकडे आळीपाळीने बघितलं. "घुबडले दखाले इतला लांब वुनात? आमना वाडाम्हा रोज बठस." आणि बैलांना हाक देऊन पुढे गेले.

पहिला पिंगळा मला दिसला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. एका उतारावर बुलबुलांनी आणि शिंजिरांनी एकदम कालवा सुरू केला. वाटाड्या थबकला, हनुवटीने दाखवलं. लहान पक्षी असे एकत्र येऊन कलकलाट करतात तेव्हा मध्ये साप असतो किंवा घुबड. मी दुर्बीण लावली. वाळक्या सागाच्या खोडाला चिकटून, अर्धं फांदीआड, एक गोल डोकं. ऊन त्याच्या मागून येत होतं. माझ्या तोंडून आवाज निघाला, "रानपिंगळा!" हळू बोललो असं मला वाटलं, पण जिभाऊ म्हणतो पलीकडच्या पाड्यावर ऐकू गेलं असेल.

आप्पा म्हणाले, "वही."

हात थरथरत होता. लिहिलं: डोकं साफ, ठिपके नाहीत. छाती गडद. पोट पांढरं. दिवसा जागा. खोडाला टेकून. लिहून होईपर्यंत तो उडाला, दरीकडे, खाली. जिभाऊने कॅमेऱ्यात तीन फोटो घेतले होते, दोन फांदीचे, एक पक्ष्याचा. आप्पांनी आधी सगळ्यांच्या वह्या वाचल्या. जिभाऊने लिहिलं होतं, "छोटं घुबड, मागून ऊन." वहिनींनी लिहिलं होतं, "डोकं दिसलं पण उजेड मागून असल्याने ठिपके आहेत की नाहीत सांगता येत नाही. पोट फांदीआड." आणि माझ्या वहीत पोट पांढरं होतं, फांदीआडचं पोट.

मग जिभाऊने फोटो मोठा केला. डोक्यावर ठिपके. बारीक, पण स्पष्ट, कपाळापासून मानेपर्यंत. बाबांच्या वाड्यात बसतो तोच, साधा पिंगळा. पिंगळाही दिवसा जागा असतो, ऊन खात बसतो, हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे.

मी गुन्हा केल्यासारखा उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला पकडल्याचा राग आला होता, चुकल्याचं वाईट नंतर वाटलं. ठिपके मी बघितले नाहीत, हे एक. पण "ठिपके नाहीत" हे मी कुठून आणलं? ते रात्रीच्या चित्रातून आणलं होतं, आप्पांच्या उजवीकडच्या चित्रातून. ती ओळ खोडायला पेन टेकवलं तर आप्पा म्हणाले, "खोडू नको. खाली तारीख-वेळ टाकून लिही की फोटोत ठिपके दिसले. वरचं तसंच राहू दे."

दुपारी ओढ्याच्या कोरड्या पात्रात, मोहाच्या झाडाखाली बसलो. भाकरी, चटणी, वहिनींनी आणलेलं ताक. आप्पांनी तेव्हा जी गोष्ट सांगितली ती मी तुकड्यातुकड्यांत आधी ऐकली होती, पण त्या दिवशी ती मला उद्देशून आहे असं वाटत राहिलं.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये ब्लुइट नावाच्या साहेबाला आजच्या छत्तीसगडच्या बाजूला मिळाला. ह्यूम यांनी पुढच्या वर्षी त्याचं वर्णन छापलं आणि ब्लुइटचं नाव त्याला दिलं. राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते तेच हे ह्यूम. मग डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी आमच्या खानदेशात नोकरीला आला. त्याने इथल्या पश्चिम भागातल्या पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये छापली आणि शहादा-तळोद्याच्या बाजूने रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. जगातल्या संग्रहालयांत या पक्ष्याचे मोजून सात नमुने, त्यांतले बरेचसे याचे. १८८४ नंतर काही नाही.

आणि मग मध्येच एक नोंद. कर्नल मायनर्ट्झहागन, बडा फौजी, बडा पक्षीतज्ज्ञ. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, चिठ्ठीवर लिहिलेलं: १९१४, मांडवी, गुजरात. त्यामुळे शोधणारे मांडवीकडे शोधत राहिले. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासायला घेतले तेव्हा त्यांना हा पक्षी खटकला. तो डेव्हिडसनच्या हातचा होता, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून-शिवून नवी चिठ्ठी बांधलेला. कर्नलने असे किती नमुने चोरले याची यादी मोठी आहे. म्हणजे मांडवीत रानपिंगळा कधी सापडलाच नव्हता. रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या जागा धरल्या, आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या सोबत्यांसह १९९७ मध्ये शहाद्याला आल्या. एकशे तेरा वर्षांनी पक्षी दिसला.

"म्हणजे खानदेशातलं घुबड चोरून गुजरातच्या नावावर चढवलं," जिभाऊ म्हणाला. "आपलं पाणी, आपला कापूस, आता घुबडपण."

सगळे हसले. मी पण हसलो, पण माझं लक्ष वहीत होतं. त्या कर्नलने मुद्दाम केलं, मी मुद्दाम नाही केलं. एवढाच फरक, आणि वाचणाऱ्याला तो फरक कुठून कळणार? माझं "डोकं साफ, पोट पांढरं" यादीत चढलं असतं, आणि उद्या त्या उतारावर कुणी शोधत बसलं असतं.

तीननंतर पुन्हा चाललो. एका सपाटीवर आप्पा थांबले. २००३ मध्ये त्यांनी पहिला रानपिंगळा इथेच पाहिला होता, वाळलेल्या सालईवर. आता तिथे कापूस होऊन गेलेला, वाळक्या पऱ्हाट्या उभ्या, बांधावर तोडलेल्या सागाचे बुंधे. जिभाऊ काहीतरी बोलणार होता. वाटाड्या त्याआधीच म्हणाला, "हे माझ्या काकाचं. पट्टा मिळाला." मग कोणीच बोललं नाही. वनहक्काचा कायदा झाला, पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना जमीन मिळाली, ती मिळायलाच हवी होती. रानपिंगळ्याला विरळ सागाचं सपाटीवरचं जंगल लागतं, आणि शेतीलाही तीच सपाटी लागते. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' या वर्गात आणलं, कारण तो आणखी काही जंगलांत सापडत गेला. त्या बांधावर उभं राहून या बातमीचा आनंद जरा कमीच वाटतो.

सव्वाचारला आवाज आला. वाटाड्याने आधी बोट वर केलं, आम्हाला नंतर ऐकू आला. साध्या पिंगळ्याची ती चिरक्या भांडणाची बडबड नाही. गोल, मऊ, बासरीत हलकी फुंक मारल्यासारखी एक साद, मग थांबून दुसरी. आम्ही जागच्या जागी. या वेळी मी दुर्बीण लगेच लावली नाही. नुसत्या डोळ्यांनी झाड शोधलं, फांदी शोधली, मग दुर्बीण.

वाळलेल्या झाडाच्या शेंड्याला, उघड्यावर, तिरप्या उन्हात. शेपटी एका बाजूला झटकली, मग दुसऱ्या बाजूला, जशी कुणाची तरी वाट बघतोय आणि कंटाळलाय. मी मनात एकेक विचारत गेलो. डोकं? राखट तपकिरी, कपाळावर दोन-तीन फिकट ठिपके असावेत, नक्की नाही. छाती? गडद, सलग. पोट? पांढरं, या वेळी पूर्ण दिसतंय. पाय? पांढरे, जाड. शेपटी? पट्टे मोजता आले नाहीत, रुंद आहेत. लिहिलं. "नक्की नाही" हेही लिहिलं. मान वर केली तोपर्यंत तो दगडासारखा खाली पडला, गवतात काहीतरी धरलं आणि पायांत लोंबणारी पाल की सरडा घेऊन झाडीत गेला. सगळं मिळून तीन मिनिटं असतील. जिभाऊच्या कॅमेऱ्याची बॅटरी भोरड्यांवरच संपली होती.

आप्पांनी माझी वही वाचली, पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. बोलले काही नाही.

वहिनी मागे राहिल्या होत्या. त्यांच्या मोज्यांत कुसळं घुसली होती, एका दगडावर बसून त्या ती उपटत होत्या. आवाज त्यांनी ऐकला, पण मान वर करेपर्यंत घुबड खाली झेपावत होतं. जिभाऊ म्हणाला, "अगं, आम्ही तिघांनी नीट बघितलं, तोच होता. लिहून टाक यादीत."

परतीच्या वाटेवर शहाद्याआधी चहाच्या टपरीवर सगळ्यांनी दिवसाच्या याद्या पूर्ण केल्या. माझे सत्तेचाळीस पक्षी, रानपिंगळा धरून. आप्पांचे त्रेपन्न. जिभाऊला आकडा सांगायची लाज वाटत होती. वहिनींनी वही पुढे सरकवली. शेवटची ओळ अशी होती:

"४.२०. घुबडाच्या जातीचं काहीतरी झाडावरून खाली उडालं. पंख रुंद वाटले. कोणतं ते मला माहीत नाही, मी मोजे झटकत होते."